सामुराईकडे जाताना मोजे बघून घाला

उत्तर जपानमधल्या आकिता प्रांतात काकुनोदाते नावाचं गाव आहे. आशिना योशिकात्सु या सरदारानं ते १६२० मध्ये वसवलं. उत्तरेला सामुराईंची, म्हणजे सरदाराच्या पदरच्या योद्ध्यांची वस्ती, दक्षिणेला व्यापाऱ्यांची, मधे आग पसरू नये म्हणून सोडलेली मोकळी जागा. किल्ला कधीच पाडला गेला, सामुराईंची काही घरं मात्र शाबूत आहेत. तोक्योहून 'कोमाची' या शिन्कानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं साधारण तीन तास, स्टेशनापासून पायी वीसेक मिनिटं. इथवर काही अडत नाही. अडतं ते बुटांशी.

काही घरं नुसती बाहेरून बघायची, काहींत आत जाता येतं. आत जायचं तर दारातच दोन पातळ्या: खाली बुटांची, वर लाकडाची. मोजा खाली टेकायचा नाही, बूट वर चढवायचा नाही. म्हणजे पाठीवर सॅक घेऊन एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची नाडी सोडायची, आणि मागे रांग. सॅकचं वजन पुढे आलं की आपणही येतो. म्हणून बिननाडीचे बूट घालावेत आणि सॅक हातात धरावी. पाठीवरच ठेवली तर वळताना सरकत्या दाराचा कागद फाटतो. अनवाणी सँडलवाल्यांनी खिशात मोजे ठेवावेत, आणि ते आदल्या रात्री उजेडात तपासावेत. अंगठ्याजवळचं भोक सामुराईच्या घरात हमखास मोठं होतं.

पुढचा नियम आपल्याला आजीनं शिकवलेला आहे: उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही. आपल्याकडे लक्ष्मीची भीती, इथे सुतारकामाचीही. दार त्याच लाकडाच्या खाचेत सरकतं. ते झिजलं, दबलं की दार अडकतं. तातामी चटईच्या कापडी काठावरही पाय नको. एक चटई सुमारे ९१ बाय १८२ सेंटिमीटर, त्यामुळे दर दोन-तीन पावलांना काठ येतो. माणूस खाली मान घालून लंगडी खेळल्यासारखा चालू लागतो. आणि नेमकी तिथेच वरची चौकट लागते. जुन्या घरांत ती साधारण पावणेसहा फुटांवर असते. खाली बघावं तर कपाळ जातं, वर बघावं तर उंबरठा तुडवला जातो. दाराशी आधी थांबावं, वाकावं, मगच पाय उचलावा. घाई केलेल्यांचं कपाळ पुढच्या खोलीत ओळखू येतं.

वर बघण्याचा मोह इशिगुरो या सामुराई घराण्याच्या घरी आवरत नाही. दोन खोल्यांमधल्या जाळीत कासवं कोरली आहेत. मागे दिवा धरला की त्यांची सावली भिंतीवर पडते. कासव बघावं, पण उभ्या जागी. घराच्या एका भागात इशिगुरोंचे वंशज आजही राहतात, तेव्हा आवाजही पाहुण्याचाच ठेवावा.

दिवाणखान्यात भिंतीला एक रिकामा कोनाडा असतो, जमिनीपासून जरा उंच, अगदी बॅग टेकवायला केल्यासारखा. तो तोकोनोमा, घरातली सर्वांत मानाची जागा. तिथे बॅग नाही, बूड तर नाहीच.

वज्रासनात बसायची वेळ आली तर पाच मिनिटांत मुंग्या येतात. पुरुषांनी मांडी घालावी, बायकांनी पाय एका बाजूला घ्यावेत; पाहुण्याला हे चालतं. मुंग्या आलेल्या पायांनी उठताना जवळच्या कागदी दाराला धरू नये, ते धरण्यासाठी नसतं. गुडघ्यांबद्दल कुरकुर करायला गाव मात्र योग्य आहे: १७७४ साली छापलेल्या प्रसिद्ध जपानी शरीरशास्त्राच्या ग्रंथातली चित्रं इथल्याच ओदानो नाओताकेनं काढली.

हिवाळ्यात लाकडी फरशी मोज्यातूनही चावते. दोन मोजे घालावेत. एप्रिलअखेरीला झुकत्या फांद्यांचा साकुरा, म्हणजे चेरी फुलतो, तेव्हा थंडीच्या जागी गर्दी असते. मला विचाराल तर थंडी परवडली.

बाहेर पडताना बूट टाचा दाराकडे करून पडलेले दिसतील, कारण शिरताना वळवून ठेवायचं राहिलं. परत एका पायावर. नाडी बांधून ताठ उभं राहावं तर शेजारीच आओयागी या दुसऱ्या सामुराई घराण्याचं फाटक. आणि त्यांच्या आवारात इमारती एक नाही, अनेक आहेत.