म्हणे, अनुदान घेतलं की वाडा सरकारजमा!

"तुझ्या ओळखीत जुनं लाकूडकाम घेणारा कोणी आहे का रे?"

परवा काकांचा फोन आला तो थेट या प्रश्नाने. ओसरीवरच्या कोरीव महिरपी उतरवून विकायच्या आणि दर्शनी भिंत सिमेंटने गुळगुळीत करून घ्यायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. गवंड्याला सांगून झालं होतं, सिमेंटची पोती चौकात येऊन पडली होती. कशामुळे, तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मजकुरामुळे. महिन्याभरात तो मलाही तिघांनी पाठवला होता. मी न वाचता सोडून दिला, ही माझी चूक.

मजकूर थोडक्यात असा: 'जुन्या वाड्यांच्या मालकांनो, सावध व्हा! जतनासाठी सरकारी अनुदानाचा अर्ज करू नका. एक रुपया घेतला की प्रॉपर्टी कार्डावर सरकारचं नाव चढतं. मग खिळासुद्धा ठोकता येत नाही, वाडा विकता येत नाही, पर्यटक देवघरापर्यंत येतात. शंभर वर्षं झालेलं घर तर सरकार आपोआप ताब्यात घेतं. म्हणून आत्ताच कोरीवकाम काढून विका, सिमेंट मारून घ्या, म्हणजे घर जुनं दिसणारच नाही.' खाली 'कायद्यात आहे' अशी पुस्ती. कुठल्या कायद्यात, कोणत्या कलमात, ते लिहायला जागा पुरली नसावी. 'दहा जणांना पाठवा' हे लिहायला मात्र पुरली.

शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या थापांनी फक्त झोप उडते, या सल्ल्याने घर पडेल.

आमच्या वाड्याचं जोतं दगडी आहे, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती आणि सागवानी खांब. अशी भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि पुढे ती हळूहळू सोडते. चुन्याचा गिलावा तिला ओल सोडू देतो, सिमेंट देत नाही. मग ती ओल भिंतीत कोंडते, खांबांच्या बुडाशी, तुळयांच्या भिंतीत गेलेल्या टोकांशी साठते आणि सागवानसुद्धा आतून कुजायला लागतं. बाहेरून भिंत टकाटक दिसत असते, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. काही पावसाळ्यांनी गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट सुटून हातात येतो. 'जुन्या लोकांना सिमेंट मिळत नव्हतं म्हणून चुना वापरायचे,' असं आमचा गवंडी म्हणतो. त्याला सिमेंटचं काम येतं, चुन्याचं येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उद्या कधी जतनाचं अंदाजपत्रक करायची वेळ आली, तर त्यातली पहिली बाब 'सिमेंटचा गिलावा काढणे' हीच असेल.

महिरपींचं प्रकरण तर आणखी गमतीचं आहे. कायद्याला भिऊन काका जे करायला निघाले होते, त्यानेच ते एका कायद्याच्या कक्षेत गेले असते. पुरावशेषांबाबतचा १९७२ चा कायदा आहे. शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची, इमारतीपासून सुटी केलेली वस्तू त्याच्या व्याख्येनुसार पुरावशेष ठरते. महिरप जागेवर आहे तोवर ती घराचा भाग. उतरवली की पुरावशेष. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. टेम्पो घेऊन दारात येणारे आणि रोख पैसे मोजणारे किती जण परवाना दाखवतात, ते काकांनी एकदा विचारून पाहावं.

आता 'सरकारजमा'. मजकुराला अभिप्रेत असलेला कायदा बहुधा प्राचीन स्मारकांचा १९५८ चा केंद्रीय कायदा असावा. तो काही फार मोठा नाही, वाचता येतो. स्मारक 'प्राचीन' ठरायला किमान शंभर वर्षं लागतात हे त्यात आहे, पण 'आपोआप' हा शब्द कुठेही नाही. कलम ४ प्रमाणे एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर करण्याआधी सरकारला राजपत्रात दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती वास्तूजवळ ठळक जागी लावावी लागते, आणि त्या मुदतीत हितसंबंध असलेल्या कोणालाही हरकत घेता येते. अशी केंद्र संरक्षित स्मारकं अख्ख्या देशात सुमारे ३,७०० आहेत. शंभरी गाठलेलं प्रत्येक घर आपोआप ताब्यात जात असतं, तर पुण्याच्या पेठा कधीच दिल्लीच्या नावावर झाल्या असत्या.

आणि जी संरक्षित आहेत, त्यांची मालकी? कलम ५ सांगतं की मालकाने पुरातत्त्व खात्याला स्मारकाचं पालकत्व दिलं, तरी कायद्यात स्पष्ट लिहिलेले अपवाद सोडता त्याचे हक्क होते तसेच राहतात. कलम ६ मध्ये देखभालीचा करार आहे. त्यात खर्च कोणी करायचा, लोकांना आत येऊ द्यायचं का, असे मुद्दे घालता येतात. मालकाने विकायला काढलं तर सरकारला बाजारभावाने घेण्याचा हक्क राखता येतो. 'विकता येत नाही'चं मूळ इथलं असावं. सक्तीने संपादन करण्याची तरतूद आहे ती कलम १३ मध्ये. ती कधी लागू होते? संरक्षित स्मारक नष्ट होण्याचा, त्याची नासधूस किंवा गैरवापर होण्याचा, किंवा ते पडझडीला सोडून दिलं जाण्याचा धोका असेल तेव्हा. म्हणजे वास्तू हातातून जायची भीती आहे ती दुरुस्त न करणाऱ्याला. मजकूर नेमकं तेच करायला सांगतो!

शिवाय आमचा वाडा संरक्षित स्मारक नाहीच. केंद्राची यादी वेगळी, राज्याच्या १९६० च्या कायद्याखालची वेगळी, महापालिकांची वारसा यादी आणखी वेगळी. मजकुराने तिन्हींची मिसळ करून वर अनुदानाची तर्री ओतली आहे. अनुदान मंजूर झालं म्हणून मालकी बदलत नाही. प्रॉपर्टी कार्डावर नाव बदलतं ते खरेदीखत, बक्षीसपत्र, वारसा, कोर्टाचा हुकूम किंवा भूसंपादन यांसारख्या कारणाने. अनुदानाच्या करारात अटी असतात, त्या वाचाव्यात. त्यात बोजा नोंदवण्याची अट असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवावी. बस.

खिळ्याबद्दल फार लिहीत नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, २०१० च्या दुरुस्तीने ते पक्कं झालं. तिथेही १६ जून १९९२ पूर्वीच्या घराच्या दुरुस्तीसाठी परवानगी मागता येते. देवघरातले पर्यटक सोडूनच देऊ. आमच्या देवघरात घरच्यांनाही वाकून शिरावं लागतं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. लोकांचा विश्वास अशा मजकुरावर उगाच बसत नाही. खासगी मालकाच्या हातात थेट पडणारा पैसा खरोखरच कमी आहे, सरकारी निधी मुख्यतः संरक्षित स्मारकांकडेच वळतो. मुंबईत १९९५ मध्ये जुन्या वास्तूंच्या जतनासाठी वारसा नियमावली आली, इमारतींना श्रेणी मिळाल्या, बंधनं आली. विकासाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला टीडीआर, म्हणजे तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, मिळण्याची सोय नियमात होती, पण टीडीआर म्हणजे छपरासाठी रोख पैसे नव्हेत. ज्यांनी हे भोगलं, ते चिडणारच. आणि पैसा मंजूर झाला तरी तो साधारणपणे हप्त्यांनी येतो. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय पुढचा हलत नाही, आणि तोवर पाऊस थांबत नाही.

पण ज्याच्यावर आमचा अर्ज खरोखर अडेल, ते त्या मजकुरात नाहीच. योजना कुठलीही असो, पहिला कागद मालकीचा. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर सात नावं आहेत. त्यातले तिघे वारले, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही आणि एक चुलतभाऊ गेली चार वर्षं काकांशी बोलत नाही. सगळ्यांच्या संमतीशिवाय अर्ज टेबलावरून पुढे सरकणार नाही. त्यानंतर मोजमापाचे नकाशे, प्रत्येक भेगेचे फोटो, जतनाचं काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाचं अंदाजपत्रक. आणि मंजुरीआधी काम सुरू करायचं नाही, कारण झालेल्या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणजे सिमेंट मारलं तर तेही पदरचंच.

वारस नोंदीचा अर्ज मी सोमवारी सिटी सर्व्हेच्या ऑफिसात देतोय. चुलतभावाला फोन मी करतो. काकांनी तेवढी पोती परत पाठवावीत, भिजायच्या आत.