रेशनकार्डावरची शिल्लक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

रेशनकार्डावरची शिल्लक ऑनलाइन तपासा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रेशनकार्ड म्हणजे काही एटीएम कार्ड नाही, त्यावर कसला आलाय बॅलन्स, असं तुम्ही विचारलंत. आणि ऑनलाइन तपासायला सांगून मी लोकांच्या मनात दुकानदाराविषयी संशय पेरतेय, असंही. तुमच्या घरचंच रेशन दुकान आहे हे मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

पैशांचा बॅलन्स नसतो, खरं आहे. धान्याचा असतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांच्या) कार्डाला कुटुंबामागे 35 किलो, हा 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला महिन्याचा हक्क आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’ ही योजना आल्यापासून तो एकाच दुकानातून एकदम उचलावा लागत नाही. ऊसतोडीला गेलेला मुलगा तिकडे अंगठा देऊन थोडं धान्य घेतो, उरलेलं गावात मागे राहिलेली आई घेते. दुकानात जाण्याआधी किती उरलंय हे त्या आईला कळायला नको? त्यालाच मी शिल्लक म्हटलं. रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या महाईपॉस या सरकारी संकेतस्थळावर ‘आरसी डिटेल्स’मध्ये (म्हणजे रेशनकार्डाच्या तपशिलात) कार्डाचा 12 अंकी नंबर टाकला की कार्डावरची माणसं, त्या महिन्याचं मंजूर धान्य आणि आतापर्यंत उचललेलं धान्य दिसतं.

संशयाचं म्हणाल तर आमच्या शेजारच्या मावशींचं सांगते. घरात चार माणसं, म्हणजे 20 किलो. दुकानात अंगठा घेतला, 8 किलो गहू दिले आणि ‘तांदूळ सोमवारी’ म्हणून सांगितलं. सोमवारी गेल्या तर ‘पुढच्या आठवड्यात’. मी नंबर टाकून बघितलं, तर गहू-तांदूळ दोन्ही उचलल्याची नोंद झालेली. फोनवरची ती नोंद घेऊन आम्ही दोघी दुकानात गेलो आणि 12 किलो तांदूळ घेऊन आलो. भांडावं लागलं नाही. नुसतं ‘माझा तांदूळ राहिलाय’ एवढं तोंडी सांगून त्या आधी दोनदा परतल्या होत्या, हे मला आजही टोचतं.

जानेवारी 2023 पासून धान्य मोफत झालं, हे चांगलंच झालं. पण पैसे द्यायचे नाहीत म्हणून आमच्याकडे बायका पावतीही मागेनाशा झाल्या. मशीनमधून निघालेली पावती हातात असली, तर ऑनलाइन बघायची गरजही क्वचितच पडेल.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, ज्यांच्या वाडीत इंटरनेटची रेंज नाही, त्यांचा विचार त्या लेखात मी केला नव्हता. त्यांनी 1967 या हेल्पलाइनवर फोन करावा, कार्डाचा नंबर जवळ ठेवावा. लेखात ही भर आजच घालते.

आणि दादा, सर्व्हर बंद पडतो, गोदामातून माल उशिरा येतो आणि लोकांचा राग दुकानदारावर निघतो, हे मला माहीत आहे. पण अशा वेळी प्रामाणिक दुकानदाराच्या बाजूनेही तीच नोंद बोलते. माझी एकच विनंती आहे: माल पुढ्यात नसेल तर अंगठा घेऊ नका, आणि पावती न मागता द्या. तुमच्या दुकानात हे आधीपासून होत असेल तर तसं इथे जरूर लिहा, मी ते लेखात वर घेईन.