हळू बोला, मॉडेम फोनवर आहे

आमच्या घरात फोनवर सगळ्यात जास्त कोण बोलायचं असं विचारलं तर सगळे आत्याकडे बोट दाखवतील, पण ते साफ खोटं आहे, सगळ्यात जास्त बोलायचा तो मॉडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला इंटरनेट जोडून देणारी डबी. आणि आत्या निदान फोन ठेवल्यावर काय काय बोलणं झालं ते तिखटमीठ लावून सांगायची तरी, हा पठ्ठ्या तासभर किंचाळून शेवटी सांगणार काय, तर नो कॅरियर, म्हणजे पलीकडचा सूर हरवला.

फोनची लाइन एकच, तिच्यावर रिसिव्हर दोन, एक हॉलमध्ये आणि एक आत्याच्या उशाशी. तो दुसरा रिसिव्हर मी स्वतः हट्ट करून बसवून घेतला होता, म्हणजे मैत्रिणीशी बोलताना हॉलमधली मंडळी ऐकणार नाहीत म्हणून. भोगा आता.

तर भानगड अशी होती की टेलिफोनची लाइन बनवली होती माणसांनी बोलण्यासाठी. साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा त्यातून जातो, त्याच्या वरचं खालचं सगळं छाटलं जातं, कारण माणसाचं बोलणं समजायला तेवढं पुरतं. आता कॉम्प्युटरला बोलायचे असतात शून्य आणि एक. ते तसेच्या तसे तारेत सोडून चालत नाही, म्हणून एक डबी त्यांचे आवाज करणार, म्हणजे मॉड्युलेट, आणि पलीकडची डबी त्या आवाजांचे परत आकडे करणार, म्हणजे डिमॉड्युलेट. दोघांची नावं मोडून तोडून झालं मॉडेम. थोडक्यात काय, दोन यंत्रं माणसासारखं बोलायचं सोंग घेणार आणि ते नीट वठावं म्हणून घरातल्या खऱ्या माणसांनी फोनपासून लांब राहायचं!

आणि ते बोलणं तरी कसं, नमनालाच घडाभर तेल. आधी डायल टोन, मग नंबराचे टिट् टुट् टिट्, मग पलीकडून एक लांबलचक टुंईंईं. ती टुंईं 2100 हर्ट्झची असते आणि ती आपल्यासाठी नसतेच, ती मधल्या टेलिफोन यंत्रणेला सांगायची खूण असते की बाई गं, बोलणाऱ्याचा प्रतिध्वनी दाबायचं तुझं काम आता थांबव, इथे माणसं नाहीत. मग थोडी गुरगुर, मग बाँग बाँग असे दोन दणके, ती लाइनची तपासणी, कुठला सूर पोचतो कुठला वाटेत मरतो, आणि मग ते सुप्रसिद्ध खर्रर्रऽऽ, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं. त्यानंतर एकदम शांतता. शांतता म्हणजे जमलं. पुढेही आवाज चालूच असतो, फक्त मॉडेमचा स्पीकर बंद होतो, आणि एम0 असा हुकूम दिला असता तर तो सुरुवातीपासूनच गप्प बसला असता हे मला वर्षभराने कळलं. तोपर्यंत आईला तो खर्रर्र इतका पाठ झाला होता की ती ओट्यापाशी उभी राहून सांगायची, "आज नाही लागत तुझं, दुसरा दणका नीट नाही आला." आणि खरंच लागायचं नाही हो.

यात काकाची वेगळीच तऱ्हा. काका जुना माणूस, त्याने ऑफिसात अकूस्टिक कपलर वापरलेला. म्हणजे एक खोकं, त्याला रबराचे दोन खोलगट कप, फोनचा रिसिव्हर उचलून त्यात पालथा घालायचा, की मॉडेम त्याच्या बोलायच्या बाजूत बोलणार आणि ऐकायच्या बाजूचं ऐकणार. हे असलं द्राविडी प्राणायाम कशासाठी तर अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या तारेला परकं यंत्र जोडायला बंदी होती, ती कार्टरफोन नावाच्या यंत्राबद्दलच्या 1968 सालच्या निकालाने सैल झाली, तरी कपलर पुढे बरीच वर्षं चालले. वेग 300 बिट सेकंदाला, म्हणजे 300 शून्य-एक, 1962 च्या बेल 103 या मॉडेमची रीत. एक म्हणायचं असेल तर 1270 हर्ट्झची शिट्टी, शून्य असेल तर 1070 ची, आणि समोरच्याने 2225 आणि 2025 वापरायच्या, म्हणजे दोघं एकाच वेळी बोलले तरी एकमेकांच्या पायात पाय नाही. काका या शिट्ट्या तोंडाने मारून दाखवायचा आणि त्याचं म्हणणं की पलीकडचा मॉडेम फसायचा सुद्धा. एकदा कपलरशेजारी तो शिंकला तर स्क्रीनवर तीन अक्षरं उमटली म्हणे, आता माशी शिंकते ऐकलं होतं, पण शिंकेची लिपी असते हे नवीनच. आणि वर ऐट बघा, एका अक्षराला आजूबाजूचे धरून 10 बिट लागतात, म्हणजे 300 ला सेकंदाला 30 अक्षरं, "आम्ही येतील तशी वाचत जायचो, वाट बघायची वेळच यायची नाही, तुमचंच काय ते रडगाणं!"

माझं रडगाणं असं. मॉडेमच्या खोक्यावर हे मोठ्ठं 56 के, म्हणजे सेकंदाला 56 हजार बिट, असं छापलेलं आणि स्क्रीनवर कायम कनेक्ट 26400. काकाला सांगितलं तर तो बोटं मोडून म्हणतो, "अगं, 300 च्या 88 पट आहे, अजून काय हवं?" चौकशी केल्यावर कळलं की 1997 मध्ये 56 के च्या दोन जाती निघाल्या होत्या, एक्स2 आणि के56फ्लेक्स, दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं, मग 1998 ला व्ही.90 हे सगळ्यांचं एकच ठरलं, आणि माझ्या मॉडेमला ते शिकवायचं तर नवीन ड्रायव्हर, म्हणजे मॉडेम चालवणारा प्रोग्राम, उतरवून घ्यायला हवा. 6 एमबी. कशावरून उतरवायचा? त्याच मॉडेमवरून. स्वतःच्या शिकवणीची पुस्तकं स्वतःच डोक्यावरून वाहून आणायची त्याने.

6 एमबी म्हणजे 26400 ने अर्ध्या तासाच्या वर, तेही सगळं सुरळीत झालं तर. पहिल्या दिवशी 94 टक्क्यांवर तुटलं. का, तर आत्याने फोन उचलला. कशासाठी, तर माझं संपलंय का ते बघायला! "मी काही बोलले नाही गं, नुसतं ऐकलं." मी तिला समजावून सांगितलं की फोन मोकळा आहे का हे फोन उचलून बघायचं नसतं, तर ती म्हणाली मग कसं बघायचं, आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि तुटलं की परत येरे माझ्या मागल्या, शून्यापासून, ते अर्धवट उतरलेलं पुढे चालू ठेवायची सोय त्या साइटवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या रिसिव्हरवर मी चक्क उशी ठेवली. 81 टक्के, आणि कट्. लगेच फोन वाजला. काका! "काय गं, झाला का डाउनलोड?" त्याच्या फोनमुळे कॉल वेटिंगची टीं वाजली, त्या टीं मध्ये मॉडेमला पलीकडचा सूर क्षणभर ऐकू आला नाही, त्याला वाटलं समोरच्याने ठेवला, मग यानेही ठेवला, मानी स्वभाव. मी काय बोलले ते लिहीत नाही, पण काका ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "एस10 वाढव."

हा खरा कामाचा सल्ला निघाला. मॉडेमशी बोलायची भाषा 1981 च्या हेज स्मार्टमॉडेमपासून चालत आलेली, प्रत्येक हुकूम एटी ने सुरू, एटी म्हणजे अटेन्शन, म्हणजे आधी सावधान म्हणायचं आणि मग काम सांगायचं. (हे घरातल्या बाकीच्यांना लागू पडत नाही, मी प्रयत्न केलाय.) त्यात एस10 नावाचं एक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, असतं, त्यात होते 14, म्हणजे सूर हरवल्यावर 1.4 सेकंद वाट बघ आणि मग नातं तोड. मी 50 केले. पाच सेकंद. एवढा धीर माझ्यातही नाही.

तिसरा प्रयत्न रात्री साडेअकराला. काकाला ताकीद दिलेली, उशी जागेवर, बाबांना कुणाचा फोन येणार नव्हता. 60, 70, 85. मी स्क्रीनकडे असं बघत होते की नजर हलली तर टक्के मागे जातील. 97 ला आकडा थांबला. थांबला तो थांबलाच. मी हळूच उठून आत्याच्या खोलीत गेले तर अंधारात उशी मांडीवर, रिसिव्हर कानाला, आणि तोंडावर बोट ठेवून ती मला अगदी कुजबुजत्या आवाजात सांगतेय, "शूऽऽ, अजून बोलतायत ते."

तिने रिसिव्हर ठेवला, म्हणजे झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा ठेवला. मी परत धावत गेले. आकडा 97. मोडायला एव्हाना पाच सेकंद होऊन गेले असणार, पण मोडलं नव्हतं, ती दोघं परत एकमेकांना चाचपत होती बहुतेक, आणि मग 98. मग 99. मग झालं! मी एवढ्या जोरात ओरडले की आई उठून आली आणि पहिलं काय विचारलं तर दणके दोन्ही आले का.

ड्रायव्हर टाकला, मशीन बंद करून चालू केलं, नंबर लावला. नवीन प्रकारचं नमन, आणखी लांब, आणखी दोन चार सुरांची भर, आत्या आणि आई दोघी मागे उभ्या. कनेक्ट 24000.

म्हणजे आधीपेक्षा कमी. तर व्ही.90 ला म्हणे वाटेत आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज हे रूपांतर फक्त एकाच ठिकाणी झालेलं चालतं, आमच्या लाइनवर ते दोनदा होत होतं, मग मॉडेम मुकाट्याने जुन्या पद्धतीवर उतरला, तर 56 चं नावच नको. हे मला सकाळी काकाने सांगितलं, फोन करून, अर्थातच मी ऑनलाइन असताना.

"24000 ना?" तो म्हणाला. "अगं, 300 च्या 80 पट!"