धक्का मारायचा नाही म्हणून सांगितलं ना!

गाडीच्या इंजिनातला बेल्ट तुटला याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. रबराची वस्तू, कधीतरी तुटणारच. डोकं फिरलंय ते त्या काकांमुळे.

कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या कमानीपाशी सिग्नल सुटला, गाडीनं पोटातून एक ‘टप्’ काढला आणि इंजिन गप्प. ना धूर, ना वास, ना डॅशबोर्डवर आधी एखादा दिवा. सेल्फ मारला तर इंजिन भलतंच हलकं, एका सुरात गरगरलं. एरवी सेल्फच्या आवाजाला लय असते, एकेक सिलिंडर दाबला जाताना मोटर जराशी कुंथते. ते कुंथणं गेलं म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, गेलं, आणि चारही सिलिंडरचं एकदम गेलं म्हणजे बहुधा टायमिंग बेल्ट. इथं किल्लीवरचा हात काढायचा. बॉनेट उघडायचं, बेल्टच्या वरच्या प्लॅस्टिक कव्हरचे बोल्ट १० नंबरच्या पान्यानं सोडायचे आणि आत बघायचं. आत बेल्टचं टोक लोंबत होतं, त्याचे पांढरे धागे पिंजारलेले.

एवढ्यात काका आले. पांढरा शर्ट, पायात कापशी चपला, हातात भाजीची पिशवी.

“का ओ, बसली व्हय गाडी? बॅटरी उतरली आसंल.”

“नाही काका, टायमिंग बेल्ट तुटलाय.”

“मग मारूया की धक्का! ए पोरांनो, या रे हिकडं!”

“धक्का चालत नाही याला.”

“आता बेल्ट न्हाई म्हणून तर धक्का मारायचा. बेल्ट आसता तर आपली आपण सुरू झाली नसती व्हय?”

या युक्तिवादाला उत्तर असतं, पण ते द्यायला बोर्ड आणि खडू लागतो. खाली पिस्टनना जोडलेली क्रँक फिरते, वर व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरच्या झडपा उघडणारा कॅमशाफ्ट. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हे गणित दातेरी बेल्ट सांभाळतो. बेल्ट तुटला की कॅम जिथल्या तिथं थांबतो आणि काही व्हॉल्व्ह उघडेच लटकतात. ज्या इंजिनात पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह आळीपाळीनं एकच जागा वापरतात, तिथं खालून येणारा पिस्टन त्या व्हॉल्व्हला धडकतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. कमी वेगात बेल्ट गेला तर नशिबानं काही व्हॉल्व्ह वाचतातही. आता गाडी सेकंडला टाकून धक्का मारला, तर चाकं गिअरबॉक्समधून क्रँक फिरवणार, कॅम हलणार नाही, आणि जे वाचले होते तेही वाकणार. गाडी न्यूट्रलमध्ये ढकला, दोरानं ओढा, काही होत नाही. गिअर तेवढा पडता कामा नये. उतारावर उभी केली तरी हँडब्रेक लावायचा, चाकाखाली दगड ठेवायचा. एरवी शहाणपणाचा म्हणून टाकून ठेवतो तो पहिला गिअर नको.

यातलं अर्धं मी बोललो. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमच्या अँबॅसडरला असलं काय नव्हतं.”

हे मात्र खरं, त्यामुळे जास्तच लागलं. अँबॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला आणि पद्मिनीला बेल्टऐवजी चेन होती. मारुती ८०० ला बेल्ट, ऑल्टो के-१० ला चेन, पहिल्या डिझेल इंडिकाला बेल्ट. चेन ढिली झाली की थंड इंजिन सुरू करताना खडखडते, मालकाला चार शिव्या देऊन मग जाते. बेल्टला तेवढीही माणुसकी नाही.

मग काकांना सुचली सायकलची ट्यूब. कारखान्यावर पंपाचा पट्टा तुटला की ते तीच बांधायचे म्हणे. बघायला थांबलेल्या एका सायकलवाल्यानं हे ऐकलं आणि तो निघून गेला. काका, पंख्याचा पट्टा नुसता घासून फिरतो, तिथं तात्पुरतं काहीही चालेल; इथं आतल्या बाजूला दात आहेत, एक दात सरकला तरी इंजिन अडखळतं. “दात कशाला पायजेत,” काका म्हणाले, “घट्ट बांधायचं.”

शेवटी गाडी बाजूला घ्यायला पोरं मागं लागली. मी दारातून स्टिअरिंग धरून ढकलतोय, आणि काका लग्नातल्या मामासारखे सगळ्यांवर ओरडत पलीकडून चालतायत. त्यांनी डाव्या खिडकीतून हात आत घातला आणि क्लचबिच काही न दाबता गिअरचा दांडा पुढं रेटला. कर्रर्र! माझ्या छातीतही तसंच काहीतरी वाजलं. गिअर पडला नाही ही जोतिबाची कृपा. “शिकल्याली माणसं,” पिशवी उचलत काका पोरांना म्हणाले, “ऐकत न्हाईत.”

गाडी उद्यमनगरातल्या गॅरेजात ओढून नेली. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. माझ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला तीन, असे बारा व्हॉल्व्ह. हेड उलटं ठेवून दहनकक्षात रॉकेल ओतलं की ज्या पोर्टातून ते पाझरतं तिथला व्हॉल्व्ह बसत नाही. हे माझ्यासमोरच करा म्हणून सांगायचं, नाहीतर बारा बदलले म्हणतात आणि चार बदलतात. व्हॉल्व्ह ज्यातून सरकतात ते गाइड तपासायचे, सील नवे घालायचे, व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायचे, हेडचं फेसिंग, म्हणजे खालची बाजू सपाट आहे का, बघायचं, पिस्टनच्या डोक्यावर उठलेले वण बघायचे. गॅस्केट नवी. ताणून बसवायचे हेडबोल्ट असतील तर तेही नवेच.

हा सगळा कुटाणा कशामुळे? गाडी विकणारा म्हणाला होता, “बेल्ट बदललाय.” बदलला होता, खरंच! बेल्ट ताणून धरणारी पुली, टेन्शनर, मात्र जुनीच ठेवली होती. तिचं बेअरिंग जाम झालं आणि नवा बेल्ट तिच्यावर घासून घासून गेला. बेल्ट उघडायला मजुरी लागतेच, मग टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी दुसरी पुली), कॅम आणि क्रँकचे ऑइल सील, आणि टायमिंग बेल्टवरच चालत असेल तर वॉटर पंप, हे त्याच मजुरीत का बदलत नाहीत? सील गळलं की तेलानं बेल्ट फुगतो, हे काय गुपित आहे? बिलावर ‘टायमिंग किट’ लिहायचं आणि घालायचा नुसता बेल्ट. काढलेले जुने भाग मागितले की “भंगारात गेले.” अनेक जुन्या छोट्या गाड्यांना बेल्ट बदलायची मुदत साधारण ६० ते ८० हजार किलोमीटर किंवा चार-पाच वर्षं, जे आधी येईल ते. जुनी गाडी घेतली आणि बिल नसेल, तर विकणारा कितीही देवमाणूस असो, किट बदलूनच घ्यायचं.

नवा बेल्ट चढवताना मी गॅरेजच्या पोराच्या डोक्यावर उभा होतो. एक नंबरचा पिस्टन वर, कॅम-क्रँकच्या खुणा जुळलेल्या, बेल्ट हातानंच चढवलेला. स्क्रूड्रायव्हरनं रेटला की आतले धागे तुटतात. मग पान्यानं क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवायची, खुणा पुन्हा जुळतात का बघायचं, मधे कुठं अडली तर जोर करायचा नाही. पोरगा थेट सेल्फच मारायला निघाला होता. “साहेब, रोजचं काम हाय.” रोजचं आहे म्हणूनच फिरव, म्हटलं. फिरवली. मग कव्हरवर तारीख आणि किलोमीटर मार्करनं लिहून घेतले.

बिल मोठं होतं, ते कळलं. तळाला ‘किरकोळ’ म्हणून साडेचारशे रुपये वेगळे. किरकोळ म्हणजे काय? तर रॉकेल, चिंध्या आणि चहा.

चहा मी पाजला होता.