सायलेन्सर बदलला की बाइक ‘मोकळी’ होते? एकेका दाव्याला उत्तर

बाइकवाल्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा गळा आवळतो. बाहेरचा बसवला की ताकद वाढते, मायलेजही वाढतं, उरलेलं ईसीयू (किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर) सांभाळून घेतो. मोठ्या आवाजामुळे जीव वाचतो. नावाजलेल्या ब्रँडचा असला तर नियमांची भीती नाही. आणि बसवायला दोन नट, दहा मिनिटं पुरतात.

सायलेन्सर बदलण्याला माझा अजिबात विरोध नाही. चांगल्या पाइपचा खर्जातला आवाज मलाही आवडतो. पण या मेसेजच्या भरवशावर लोक उत्तम चालणारी गाडी बिघडवून घेतात, म्हणून हे उत्तर.

गळा आवळण्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करू. बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा, कमी झालं की ताकद वाढते, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर पिकअप जातो. मूळ गोष्ट दोघांकडूनही सुटते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट बेंड पाइपमधून (इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतून) धावत सुटते. पाइप जिथे संपतो किंवा एकदम रुंद होतो, तिथून ती उलटी फिरते आणि परतताना कमी दाबाची होऊन येते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात. नेमकी तेव्हा ती पोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताज्या मिक्स्चरला वाट करून देते. तापलेल्या वायूत या लाटेचा वेग सेकंदाला 500 मीटरच्या पुढे असतो. म्हणजे मीटरभर पाइपमध्ये जाऊन यायला तिला चार मिलिसेकंदही लागत नाहीत. इंजिनाला मात्र 6000 आरपीएमला एका फेऱ्यासाठी 10 मिलिसेकंद लागतात आणि 10,000 ला फक्त 6. लाटेची वेळ जवळपास तीच, इंजिनाची वेळ बदलत जाते. त्यामुळे कुठलाच पाइप सगळ्या आरपीएमला सारखा साथ देत नाही. जाड पाइप घातला तर वरच्या टोकाला थोडं मिळू शकतं, पण खाली, जिथे आपण रोज चालवतो, तिथला टॉर्क जातो. लोक म्हणतात बॅक प्रेशर गेलं. खरं तर वायूंचा वेग गेला आणि जमलेली वेळ बिघडली.

शिवाय मेसेजमध्ये स्लिप-ऑन आणि फुल सिस्टीम यांची सरमिसळ आहे. स्लिप-ऑन म्हणजे फक्त शेवटचा डबा. बेंड पाइप तोच राहतो, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बहुतेक गाड्यांत तिथेच असतो. फुल सिस्टीम म्हणजे इंजिनापासून टोकापर्यंतचा सगळा पाइप. स्लिप-ऑनच्या बदलाने डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) दिसणारा फरक बऱ्याचदा एकाच गाडीच्या दोन मोजण्यांमधल्या फरकाएवढा असतो. फुल सिस्टीम, तिला साजेसा एअर फिल्टर आणि त्यावर बेतलेलं फ्युएल मॅप (कधी किती पेट्रोल द्यायचं याचा ईसीयूमधला तक्ता) एकत्र आले तर ताकद खरंच वाढते. स्लिप-ऑनचा प्रामाणिक फायदा वजनाचा आहे. टायटॅनियमची घनता स्टीलच्या जेमतेम 60 टक्के असते, आणि मागे उंचावर लटकलेलं वजन उतरलं की गाडी वळवताना ते जाणवतं. मेसेजमध्ये हा खरा फायदा कुठेच नाही, याचं मला वाईट वाटतं.

‘ईसीयू आपोआप जुळवून घेतो’ हे अर्धवट खरं आहे. बहुतेक गाड्यांतला साधा ऑक्सिजन सेन्सर मिक्स्चर 14.7 ला 1 या हवा-पेट्रोलच्या प्रमाणाच्या कुठल्या बाजूला आहे एवढंच सांगतो, आणि ईसीयू त्याचं ऐकतो ते सावकाश, एका लयीत चालवताना. थ्रॉटल पूर्ण उघडला की तो आत भरलेल्या मॅपवर चालतो. तिथे हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिक्स्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं. जॉइंटमधून सेन्सरच्या अलीकडे हवा शिरत असेल तर उलटा घोळ होतो. सेन्सरला वाटतं मिक्स्चर लीन आहे, आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. थ्रॉटल सोडल्यावर फुटणारे फटाके म्हणजे ताकद, असंही त्या मेसेजमध्ये लिहिलंय. ते फक्त न जळलेलं पेट्रोल आहे, गरम पाइपमध्ये हवा मिळाली की पेट घेणारं. नव्या पाइपनंतर फटाके अचानक वाढले तर आधी जॉइंटचं गॅस्केट बघा.

मायलेजबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नवा आवाज ऐकायला माणूस जास्त रेस करतो आणि मायलेज घटतं.

आता जीव वाचण्याचा मुद्दा. माझ्या मते मेसेजमधला सगळ्यात धोकादायक दावा हाच. सायलेन्सरचं तोंड मागे असतं, आवाजाचा जोर मागे जातो. धोका कुठून येतो? अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. 1981 मध्ये आलेल्या त्या अहवालानुसार तीन चतुर्थांशांहून जास्त अपघातांत धोका चालकाच्या समोरच, डावी-उजवीकडे 45 अंशांच्या आत होता. म्हणजे समोरून वळणारी गाडी. तिच्या काचा बंद, गाणी चालू, आणि खर्जातला आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला सहज कळत नाही. चालू हेडलाइट, उठून दिसणारं जॅकेट, रस्त्यावरची योग्य जागा आणि ब्रेकवर तयार बोटं, जीव यांनी वाचतो.

त्या आवाजाची किंमत मात्र खरी आहे. ऊर्जा दहापट झाली की 10 डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. कामाच्या जागी 85 डेसिबल आठ तास चालतो असं अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचं मार्गदर्शन आहे. पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 ला जेमतेम 15 मिनिटं. हायवेच्या वेगाला हेल्मेटमधल्या वाऱ्याचा आवाज सायलेन्सरला झाकून टाकतो. म्हणजे ज्याने हौसेने पाइप घेतला त्याला वारा ऐकू येतो, आणि पाइप ऐकतात ती रस्त्याकडेची माणसं. त्यांत झोपलेलं तान्हं मूल असतं, आजारी माणूसही असतो. त्यांचा विचार करायलाच हवा.

ब्रँडचं नाव म्हणजे परवानगी नव्हे. एकच कंपनी एकाच गाडीसाठी रस्त्याचा आणि फक्त ट्रॅकचा असे दोन पाइप विकते. बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांचा 92 क्रमांकाचा नियम आहे. त्याखाली मंजूर झालेल्या डब्यावर वर्तुळातला ‘ई’ कोरलेला असतो. ती मंजुरी डीबी किलरसकट (पाइपच्या तोंडात बसणाऱ्या, आवाज कमी करणाऱ्या नळीसकट) असते, तो काढला की संपली. उभ्या गाडीची तपासणी होते तेव्हा माइक पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांत धरतात. कमाल ताकद 5000 आरपीएमच्या वर मिळत असेल तर त्या आकड्याच्या निम्म्या आरपीएमला इंजिन ठेवून मोजतात. हळू चालवलं की चालतं, हा बचाव तिथे उपयोगाचा नाही. फुल सिस्टीमबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल कित्येक पटींनी वाढतं, ते वेगळंच.

राहिली ती दहा मिनिटं. पाइप इंजिनाला धरणारा गंजलेला स्टड घाईत फिरवला तर इंजिनाच्या हेडमध्येच तुटतो, म्हणून आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हेडजवळचं गॅस्केट दरवेळी नवंच. सगळे नट आधी हाताने सैल लावायचे, पाइप बिनताणाचा बसतोय हे पाहायचं, मग हेडकडून मागे येत आवळायचे. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि ब्रेकच्या नळीपासून अंतर ठेवायचं. सेंटर स्टँडचा रबरी स्टॉपर बऱ्याच गाड्यांत जुन्या सायलेन्सरलाच असतो. तो गेला की स्टँड वर येऊन चेनला घासतो. पाइपवरचे बोटांचे ठसे स्पिरिटने पुसूनच इंजिन चालू करा, नाहीतर ते धातूवर कायमचे भाजले जातात. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झाल्यावर नट पुन्हा तपासा. पुढे कधीतरी आवाज फाटका वाटायला लागला किंवा डब्याचा रंग एका जागी बदलला, तर आतलं ग्लासवूल (आवाज शोषणारी काचेच्या धाग्यांची लोकर) जळालेलं असतं. ते बदलून घ्या.