‘अर्धवट काम’ म्हणणाऱ्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचून दोन दिवस थांबलो. पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं. तुम्ही दोन तारे दिलेत. आजोबांच्या दोन सागवानी, हात असलेल्या खुर्च्या दुरुस्त करून तीन आठवड्यांत देतो म्हणून सात आठवडे लावले, अठरा हजार घेऊन काम अर्धवट केलं, खुर्चीच्या हातावरचा काळा डाग तसाच ठेवला, दोन्ही खुर्च्यांचा रंग वेगवेगळा आहे, आठवड्याच्या आत चहाच्या कपाचं पांढरं वर्तुळ उमटलं, आणि एवढ्या पैशात नव्या खुर्च्या आल्या असत्या, असं तुमचं म्हणणं.

उशीर माझ्यामुळे झाला. खुर्च्या तुम्ही जूनमध्ये आणल्या. आमच्याकडे वेत विणणारे काका ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघतात ते आषाढी करूनच परततात. दरवर्षी. हे माहीत असून मी तुम्हाला ‘तीन आठवडे’ सांगून मोकळा झालो. त्यात पाऊस. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हातानं चढवायचं पॉलिश ओल्या हवेत करता येत नाही. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि पॉलिश दुधाळ होतं. उघडीप मिळेपर्यंत थांबावं लागलं. पण फोन करायला काही पाऊस आडवा आला नव्हता.

आता अठरा हजारांचं. तुम्ही खुर्च्या ‘जरा हलतात’ म्हणून आणल्यात. उघडल्यावर कळलं की मधल्या काळात कुणीतरी सांध्यांत फेव्हिकॉल ओतून वरून खिळे ठोकले होते. एकाच खुर्चीतून अकरा निघाले, सगळे गंजलेले. मूळ सुतारानं एकही खिळा वापरला नव्हता. लाकडाची जीभ खोबणीत बसवून सरस लावला होता. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आला, त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं सुतार कातडी-हाडांचा सरसच गरम करून वापरायचे. सरसाचा गुण असा की पन्नास-साठ वर्षांनीही ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो, सांधा न मोडता उघडतो. पांढरा गोंद तसा सुटत नाही आणि त्याच्यावर दुसरा गोंदही नीट धरत नाही. तो पटाशीनं खरवडून कोरं लाकूड काढावं लागतं. शिवाय सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून सांधा जोडण्याआधी स्पिरिटनं पुसावा लागतो, नाहीतर वर्षभरात पुन्हा हलायला लागतो. दोन खुर्च्यांचे सगळे सांधे असे उघडून जोडलेत. बाहेरून यातलं काही दिसत नाही, हे आमच्या धंद्याचं दुर्दैव.

एका मागच्या पायाला खालून वाळवी होती. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, पण त्या पायात कडेचं पांढरं लाकूड आलं होतं. तेवढा चार इंच भाग काढून, पाडलेल्या वाड्याच्या तुळईतलं जुनं सागवान तिरका सांधा देऊन बसवलं. सांधा शोधून बघा, सापडेल, पण बोटाला लागणार नाही. आणि वेत. बाजारात यंत्रावर विणलेली जाळी मिळते, ती खाचेत दाबून बसवली की तासाभरात काम होतं. तुमच्या खुर्च्यांना खाच नाही, चौकटीभर भोकं आहेत. त्यांतून भिजवलेला वेत दोनदा उभा, दोनदा आडवा आणि दोनदा तिरका ओवावा लागतो. काकांना एका खुर्चीला तीन दिवस लागले. एवढ्यात नव्या खुर्च्या आल्या असत्या का? आल्या असत्या, खोटं कशाला बोलू. रबरवुडच्या येतात आणि वाईट नसतात. माझ्याही घरी आहेत.

काळा डाग. तुमच्या आईंनी सांगितलं की उजव्या हातावर अडकित्ता पडलेला असायचा. लोखंड, ओल आणि लाकडातला तुरट अंश एकत्र आले की असा काळा डाग पडतो. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड दोनदा लावून तो निम्मा फिका झाला. उरलेला खोल आहे, काढायचा तर रंधा मारावा लागेल. त्या हाताची कड पुढे निमुळती होत जाते, रंधा मारला तर तीच जाईल आणि दोन हात दोन जाडीचे दिसतील. म्हणून मी थांबलो. थांबणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पण खुर्ची तुमची होती आणि मी विचारलं नाही.

रंगाचंही तेच झालं. एक खुर्ची बरीच वर्षं गॅलरीत होती, उन्हानं फिकी पडली होती. रंग घालून दोन्ही सारख्या करता आल्या असत्या, पण रंगाखाली सागाच्या रेषा दबतात. हेही मी परस्पर ठरवलं.

कपाचं वर्तुळ मात्र सरळ आमची चूक आहे. चपड्याच्या पॉलिशला गरम आणि ओलं सोसत नाही. खुर्च्या पोचवताना आमच्या मुलानं हे आईंना तोंडी सांगितलं, एवढं पुरेसं नव्हतं. ज्या घरात खुर्चीच्या हातावर कप ठेवायची सवय आहे तिथे आधी विचारायला हवं होतं की मेलामाइन, म्हणजे गरम-ओलं सोसणारं कडक पॉलिश, चालेल का. यापुढे कामाआधी कागदावर लिहून सही घेणार आहे.

तुमच्या भावांनी खाली लिहिलंय की या ‘चंडीगढच्या’ आहेत आणि आम्ही खालचा आकडा खरवडून लाखोंचं नुकसान केलं. वास्तुविशारद पिएर जाँनरे यांनी चंडीगढच्या सरकारी इमारतींसाठी केलेल्या, खाली नोंदीचा आकडा असलेल्या सागवानी खुर्च्या परदेशी लिलावांत विकल्या जायला लागल्यापासून मला महिन्यातून दोन तरी असे फोन येतात. तुमच्या त्या नाहीत, आणल्या त्या दिवशीच मी हे सांगितलं होतं. आकडा जिथे होता तिथेच आहे. खुर्ची उलटी करून बघा, खालच्या बाजूला आम्ही पॉलिश लावतच नाही.

उशिराचे दोन हजार परत करतो. वर्तुळ अर्ध्या तासाचं काम आहे, घरी येऊन काढून देतो, पैसे नाहीत. हातांवर मेलामाइन हवं असेल तर तेही करतो, फक्त ते पुढे कधी काढायचं झालं तर घासूनच काढावं लागेल, एवढं लक्षात ठेवा. आणि डाग नकोच असेल तर तसं सांगा, रंधा मारून देतो, कुरकुर न करता.

फक्त दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत बोलावू नका. त्या दिवसांत मी कुणालाच खरी तारीख सांगत नाही.