‘व्हॉल्व्ह म्हटला की हमिंग आलंच’: कोण म्हणतं?

भाचा सोलापुरात अशोक चौकाच्या मागे राहतो. भिंतीपलीकडे टॉवेलचा कारखाना, दिवसभर मागांची खटखट, म्हणून त्याला हेडफोनचा नाद लागला. परवा रात्री त्याचा फोन आला, “मामा, सगळं करून बघितलं, तरी लई घूं येतंय की ओ. आता अर्थची पिन कापू का?” म्हटलं, आधी पक्कड खाली ठेव, मी येतोय.

घूं म्हणजे हमिंग, गाण्याखाली सतत येणारा आवाज. आणि हे ‘सगळं’ त्याने आपल्या हेडफोन ऍम्पवर केलं होतं एका मेसेजवरून. व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचे, हेडफोन ऍम्प्लिफायर घरी जुळवणाऱ्या मंडळींत हा मेसेज बरेच दिवस फिरतोय, मलाही तीन जणांनी पाठवला. ‘ट्यूब ऍम्पचं हमिंग घालवायचे सहा रामबाण उपाय’. थोडक्यात असा: एक, 60 हर्ट्झचं हमिंग हा ट्यूबचा स्वभावच, थोडं राहणारच. दोन, जास्त असेल तर ट्यूब बदला, जुन्या विलायती घ्या. तीन, तरी राहिलं तर प्लगची अर्थपिन काढा, लगेच फरक पडेल. चार, फिल्टर कपॅसिटर दहापट करा. पाच, सोन्याचा मुलामा दिलेली केबल वापरा. सहा, कारखाने असलेल्या गावात लाइन घाण असते, स्टॅबिलायझर लावाच.

(मेसेजवाला ट्यूब म्हणतो, मी व्हॉल्व्हच म्हणणार. आमच्या वेळी ट्यूब म्हणजे छताला लावायची.)

पहिल्याच ओळीत मेसेज उघडा पडतो. 60 हर्ट्झ अमेरिकेच्या लाइनचे. आपल्याकडे लाइन 50 हर्ट्झची. म्हणजे हे सहा उपाय कुणीतरी तिकडून उचलले, आकडा बदलायचेही कष्ट न घेता. आणि इथे आकड्याला महत्त्व आहे, कारण हमिंग नुसतं ‘येतंय’ असं नसतं, ते कुठून येतंय हे त्याच्या सुरावरून बरंचसं कळतं. फुल वेव्ह रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) लाटेच्या दोन्ही बाजू वापरतो, म्हणून सप्लायमधलं हमिंग 100 हर्ट्झचं आणि वर झर्र अशी धार असलेलं. हीटरचं (व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारेचं) किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचं हमिंग मुख्यतः 50 हर्ट्झचं, गोल, खोल घूं. घरात हार्मोनियम असेल तर ताडून बघा: 100 हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी पाच, किंचित चढी. 50 हर्ट्झ तीच, आणखी एक सप्तक खाली.

राहिला ‘स्वभाव’. 1950 च्या दशकातली बहुतेक सगळी रेकॉर्डिंगं व्हॉल्व्हच्या यंत्रांतून गेलीत. त्यांत घूं ऐकू येतो का? तरीही या मुद्द्यात दाणाभर खरं आहे, आणि ते खरं व्हॉल्व्हचं नसून हेडफोनचं आहे. स्पीकर खोलीच्या त्या टोकाला असतो, हेडफोन कानाला चिकटलेला. 1 मिलिवॉटला 100 डेसिबल देणारा 32 ओहमचा हेडफोन घ्या. त्यावर एकच मिलिव्होल्ट हमिंग असलं तरी हिशेबाने 55 डेसिबल होतात. तेवढ्याच सेन्सिटिव्हिटीच्या 300 ओहमच्या हेडफोनवर साधारण 45. आता शांत खोलीत 50 हर्ट्झचा सूर कानाला ऐकू येण्याची पायरी सुमारे 44 डेसिबलची, 100 हर्ट्झची सुमारे 27. म्हणजे तोच एक मिलिव्होल्ट 50 चा असेल तर 300 ओहमवर जेमतेम जाणवेल, आणि 100 चा असेल तर डोकं उठवेल. रेडिओत जे खपलं ते इथे खपत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

भाच्याच्या ऍम्पकडे येतो. दोन ईसीएल82 व्हॉल्व्ह, हेडफोनला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर म्हणून डायोडचा ब्रिज, 250 व्होल्टच्या आसपास सप्लाय. बाजाराला हात घालायच्या आधी कानाने तीन गोष्टी करायच्या असतात आणि त्यांना पैसा लागत नाही. पहिली: व्हॉल्व्ह गार असताना हेडफोन लावून बटण दाबायचं. व्हॉल्व्ह तापायला दहा-पंधरा सेकंद लागतात. त्या आधीच घूं आला तर तो व्हॉल्व्हमधून आलेला असूच शकत नाही. तो लोखंडातून लोखंडात गेलाय, म्हणजे कुठल्या तरी ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मर पकडतोय. दुसरी: तापल्यावर व्हॉल्यूम शून्यावर नेऊन परत वाढवायचा. जे बदलत नाही ते व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढचं, जे बदलतं ते मागचं किंवा बाहेरचं. तिसरी मला सगळ्यात आवडते: गाणं चालू ठेवून बटण बंद करायचं. कपॅसिटरमधल्या साठ्यावर गाणं काही सेकंद चालतं. घूं त्याच क्षणी गेला तर ऍम्पचा, गाण्याबरोबर रेंगाळला तर पाहुणा.

भाच्याच्या ऍम्पने तिन्ही वेळा हात वर केला. गार असताना बारीक घूं, तापल्यावर शून्य व्हॉल्यूमलाही मोठा घूं, आणि व्हॉल्यूम वाढवला की त्यात आणखी भर. मीटर हेडफोनच्या टोकांवर 6 मिलिव्होल्ट दाखवत होता. तीन रोग एकाच वेळी. असं असलं की माणूस एक उपाय करतो, फरक पडत नाही, दुसरा करतो, फरक पडत नाही, आणि शेवटी ‘स्वभावच आहे’वर येतो. त्याहून वाईट म्हणजे दोन ठिकाणांहून येणारे 50 हर्ट्झ उलट्या दिशेचे असले तर एकमेकांना थोडे खातात. मग एक दुरुस्त केला की घूं वाढतो आणि आपण केलेलं बरोबर काम परत बिघडवतो.

दुसरा मुद्दा, व्हॉल्व्ह बदला. कधीकधी बरोबर असतो. हीटर आणि त्याने तापणारा, इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड यांच्यामधलं इन्सुलेशन कमजोर झालं की हीटरचा एसी कॅथोडवर झिरपतो. पण हे ओळखायला विलायती माल कशाला? ऍम्प बंद करून, गार करून डावा व्हॉल्व्ह उजवीकडे, उजवा डावीकडे. घूं व्हॉल्व्हबरोबर बाजू बदलून गेला तर दोष व्हॉल्व्हचा. जागेवरच राहिला तर नाही. भाच्याकडे तो दोन्ही कानांत सारखा होता, तरी त्याने नवी जोडी मागवली. जुन्या व्हॉल्व्हमध्ये काहीच वाईट नव्हतं, ते आता माझ्या डब्यात आहेत.

खरा रोग ऍम्प उलटा केल्यावर दिसला. उलटा करण्याआधी एक सांगतो: 250 व्होल्टवर भरलेला कपॅसिटर प्लग काढल्यावरही चटका द्यायला तयार बसलेला असतो. मीटर लावायचा, व्होल्ट शून्याजवळ आल्याशिवाय बोट आत घालायचं नाही. तोवर ताईने चहा आणला. चहा संपल्यावर हीटरच्या वाइंडिंगची मधली वायर, जी ग्राउंडला जायला हवी, ती पेन्सिलच्या टोकाने ढकलली, तर सोल्डरच्या करड्या गोळीत ती वायर चक्क फिरत होती. ड्राय सोल्डर. वरून जोडलेली, आतून सुटी. 6.3 व्होल्टचा अख्खा हीटर असा अधांतरी लोंबकळत होता आणि लाइनमधलं जे काही झिरपेल ते ग्रिडला, म्हणजे व्हॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या जाळीला, पोचवत होता. परत सोल्डर केलं, दोन्ही कान एकदम मोकळे झाले. ज्यांच्या ट्रान्सफॉर्मरला मधली वायरच नाही त्यांनी हीटरच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला 100-100 ओहमचे रेझिस्टन्स लावावेत. प्रत्येकात जेमतेम 0.1 वॉट जळतो, अर्ध्या वॉटचे भरपूर झाले. आणखी शांत हवं असेल तर ती मधली टोकं ग्राउंडऐवजी सप्लायमधून विभागून घेतलेल्या 40 व्होल्ट डीसीवर बांधायची. हीटर कॅथोडपेक्षा वरच्या व्होल्टवर बसला की गळती बरीचशी थांबते. हीटरच्या वायरींना घट्ट पीळ द्यायचा आणि त्या चॅसीच्या (ऍम्पच्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) कोपऱ्यातून न्यायच्या, हे सांगायला नकोच, पण किटांचे फोटो बघता सांगावं लागतं.

आता अर्थपिन. या एका ओळीसाठी हे सगळं लिहायला बसलो.

मेसेज म्हणतो लगेच फरक पडेल. पडतो, हे खरं आहे, आणि म्हणूनच तो सल्ला घातक आहे. लॅपटॉपचा चार्जर थ्री-पिन, ऍम्पही थ्री-पिन, आणि दोघांना जोडणाऱ्या केबलचं शिल्ड (आतल्या वायरीभोवतीची जाळी). अर्थची वायर आणि हे शिल्ड मिळून एक गोल तयार होतो, त्यात बारीक करंट फिरतो आणि शिल्डवर जो व्होल्ट पडतो तो गाण्याबरोबर ऍम्पमध्ये शिरतो. हा ग्राउंड लूप. पिन कापली की गोल तुटतो, घूं जातो, माणूस खूश. पण ती पिन तिथे घूं आणायला बसवलेली नव्हती. उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थ असताना फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर पत्र्यावर 230 व्होल्ट उभे राहतात, काहीही न कळता. आणि हेडफोन जॅकची बाहेरची कडी त्याच पत्र्याशी जोडलेली, ती वायर थेट तुमच्या डोक्यापर्यंत आलेली. सोलापूरचा मे महिना, पारा 43 वर, तळहात घामाने ओले, पाय अनवाणी फरशीवर. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असला तरी अर्थ कापल्यावर त्याला ट्रिप होण्यासाठी एकच वाट उरते, ती तुमच्या अंगातून.

यावर उलट टोकाचाही एक समज आहे: अर्थिंगचा खड्डा नवा केला, मीठ-कोळसा घातला, उन्हाळ्यात पाणी ओतलं की घूं जाईल. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्ड्यात पाणी घालायलाच हवं, पण ते जिवासाठी. घूं जमिनीच्या ओलीवर ठरत नाही, दोन यंत्रांच्या ग्राउंडमध्ये किती फरक आहे यावर ठरतो. विमानाला कुठे असतो अर्थिंगचा खड्डा?

लूप आहे का हे बघायला लॅपटॉपचा चार्जर उपटून बॅटरीवर चालवा. भाच्याचा व्हॉल्यूमबरोबर वाढणारा घूं तिथेच गेला. रोज बॅटरीवर ऐकायचं नसेल तर दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावा, गोल लहान होतो. बाहेरचा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारा डबा) असेल तर ऑप्टिकल केबल लावा, काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून करंट जात नाही. आणि ऍम्पमध्येच करायचं असेल तर जे आम्ही केलं ते: चॅसी स्क्रू आणि दातेरी वॉशरने थेट अर्थला घट्ट, तिला हात लावायचा नाही. सिग्नलचं ग्राउंड मात्र चॅसीला सरळ न जोडता 10 ओहममधून जोडायचं, आणि त्या 10 ओहमला समांतर 35 अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर, त्याचे प्लस-मायनस एकमेकांना जोडून, दोन एसी टोकं वापरून. लूपच्या बारीक करंटला 10 ओहम अडवतात, खरा फॉल्ट आला तर डायोड उघडतात आणि फ्यूज उडतो. इनपुट आणि हेडफोनचे जॅक मात्र चॅसीपासून इन्सुलेट हवेत, नाहीतर सगळं मुसळ केरात.

कपॅसिटर दहापट करा, या चौथ्या मुद्द्याचा हिशेब मांडून बघू. 80 मिलिअँपिअर करंट आणि पहिला कपॅसिटर 100 मायक्रोफॅरड असेल तर 100 हर्ट्झला त्यावर ढोबळमानाने 8 व्होल्टचा रिपल (डीसीवर उरलेली लाट). कपॅसिटर दहापट करून तो 0.8 व्होल्ट होईल. त्याऐवजी पुढे 200 ओहमचा रेझिस्टन्स आणि आणखी एक 100 मायक्रोफॅरड लावला तर रिपल साधारण बारा पटींनी उतरतो, 16 व्होल्ट तेवढे गमवावे लागतात. रेझिस्टन्सच्या जागी 10 हेन्रीचा चोक (लोखंडावर गुंडाळलेली तार) लावला तर जवळजवळ चारशे पटींनी. पायऱ्या वाढवाव्यात, पहिली पायरी जाड करू नये. शिवाय रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल तर जीझेड34 ला 60 मायक्रोफॅरड, ईझेड81 ला 50, एवढीच मर्यादा. दहापट केलंत तर व्हॉल्व्ह मरेल. आणि मोठा कपॅसिटर भरताना करंटचे झटके आणखी टोकदार होतात. ट्रान्सफॉर्मर-ब्रिजची परतीची वायर जर सिग्नलच्या ग्राउंडमधून जात असेल तर झर्र वाढतो, कमी होत नाही. ती वायर पहिल्या कपॅसिटरच्या मायनसलाच संपली पाहिजे, बाकीच्यांनी ग्राउंड पुढच्या कपॅसिटरवरून घ्यायचं. जुन्या सेटमधला वाळलेला कपॅसिटर बदलणं ही वेगळी गोष्ट, ते करावंच.

सोन्याची केबल. सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. पुढे चला.

स्टॅबिलायझरवर भाच्याने सगळ्यात जास्त पैसे घातले होते आणि तो ऍम्पला खेटून ठेवला होता. मागांच्या मोटरी थ्री-फेजच्या, सुरू होताना व्होल्टेज खाली ओढतात, दिवे मिचकतात, हे पूर्व भागात कुणालाही माहीत आहे. पण घूं रात्री माग बंद असतानाही तसाच होता, हे त्यानेच सांगितलं. तरी खापर कारखान्यावर. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, हीटरची सुटी वायर सांभाळत नाही. उलट त्याच्या पोटात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो. गार ऍम्पमधला तो बारीक घूं आठवतो? स्टॅबिलायझर उचलून दोन हात लांब ठेवला, घूं गेला. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतं. ऍम्पच्या आतलेच ट्रान्सफॉर्मर एकमेकांना बोलत असतील तर एकाला नव्वद अंशांत फिरवून बघायचं, पण स्क्रू मारण्याआधी, हेडफोन आउटपुट ट्रान्सफॉर्मरला जोडून, ऐकत-ऐकत.

रात्री साडेअकराला मीटर 0.2 मिलिव्होल्ट दाखवत होता, आणि त्या आकड्याला त्या मीटरवर फारसा अर्थ नाही. 300 ओहमच्या हेडफोनवर काहीच नाही. भाच्याने खिशातून 32 ओहमचे इयरफोन काढून लावले, डोळे मिटले, आणि म्हणाला, “मामा, अजून बारीक येतंय की ओ.”

हार्मोनियम नव्हती, मोबाइलवर सूर लावून बघितला. 50 चा नव्हता, 100 चा होता. पुढच्या रविवारी 10 हेन्रीचा चोक घेऊन जायचाय.